ताऱ्यांचा जन्म आणि दीर्घिकेचा शेजार

(नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. गांधीसागराजवळच्या रमण विज्ञान केंद्रातलं तारांगण आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत असताना पाहिलेलं आहे. तारा कसा जन्मतो, कसा म्हातारा होतो, कसा विझतो, हे तिथे किंवा पुस्तकांत तुम्ही ऐकलं-वाचलं असेलच. आज मला एका ताऱ्याविषयी बोलायचं नाही. प्रश्न वेगळा आहे. दोन दीर्घिका आहेत, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या दोन प्रचंड वसाहती; दोन्हींत साधारण सारखेच तारे आहेत. त्यातली एक आजही नवे तारे घडवते आहे आणि दुसरीने ते काम काही अब्ज वर्षांपूर्वीच थांबवलं. असं का? माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग दीर्घिकेच्या आत सापडत नाही. ती कुठे राहते, तिच्या भोवताली काय आहे, आणि त्या भोवतालातून तिला काय मिळतं किंवा तिच्याकडून काय हिरावलं जातं, हे पाहावं लागतं.

तारा घडायला थंड वायू लागतो. मुख्यतः हायड्रोजन, तोही रेणूंच्या रूपातला, शून्याखाली २५० अंश सेल्सिअसपेक्षाही थंड. वायू गरम असला की त्याचा दाब गुरुत्वाकर्षणाला दाद देत नाही. तो थंड झाला, दाटला, की स्वतःच्याच भाराने आत कोसळतो आणि तारे जन्मतात. हिवाळ्यात मृग नक्षत्र पाहा. मधल्या तीन ताऱ्यांच्या थोडं खाली एक धूसर ठिपका दिसतो. साधारण तेराशे प्रकाशवर्षांवरचा तो वायूचा ढग आहे, आणि त्याच्यात आज, आत्ता, तारे तयार होत आहेत.

दूरच्या दीर्घिकेत तारे घडत आहेत की नाहीत, हे रंगावरून कळतं. खूप वजनदार तारे निळे असतात, भयंकर तेजस्वी असतात आणि अल्पायुषी असतात; काही दशलक्ष ते काही कोटी वर्षांत त्यांचा शेवट होतो. म्हणून एखादी दीर्घिका निळी दिसली, तिच्याकडून अतिनील प्रकाश भरपूर आला, तर तिथे नुकतेच तारे जन्मले आहेत असं खात्रीने म्हणता येतं. जिथे जन्म थांबला तिथले निळे तारे आधी संपतात. मागे उरतात ते लहान, लालसर, दीर्घायुषी तारे. निळी दीर्घिका आणि लाल दीर्घिका हा फरक आज संपूर्ण बोलण्यात लागणार आहे.

आता एक साधा हिशेब करू. आपली आकाशगंगा वर्षाला सूर्याच्या एक-दोन पट वस्तुमानाचे तारे घडवते. तिच्याकडे रेणूरूप हायड्रोजन आहे तो सुमारे १०० कोटी सूर्यांइतका. भागाकार करा. हा साठा फार तर एक अब्ज वर्षं पुरेल. अणुरूपातला हायड्रोजन जमेस धरला, मरणारे तारे काही वायू परत देतात तेही धरलं, तरी हिशेब काही अब्ज वर्षांच्या पुढे सरकत नाही. आणि आपली आकाशगंगा बारा अब्ज वर्षांहून जास्त काळ तारे घडवते आहे! म्हणजे तिला बाहेरून माल येतो आहे. यायलाच हवा.

तो येताना दिसतोसुद्धा. १९६३ मध्ये नेदरलँड्समध्ये गेल स्मिथ या खगोलशास्त्राच्या विद्यार्थिनीला हायड्रोजनचा एक ढग सापडला. त्याच्यात दहा लाख सूर्यांहून अधिक हायड्रोजन आहे, आणि तो आपल्या आकाशगंगेच्या तबकडीकडे येतो आहे. सुमारे तीन कोटी वर्षांनी तो येऊन आदळेल. असे लहान-मोठे ढग आणि त्यांच्याहून विरळ वायू, हाच दीर्घिकेचा खुराक. प्रत्येक मोठ्या दीर्घिकेभोवती विरळ, गरम वायूचं एक प्रचंड आवरण असतं. त्यातला काही भाग थंड होऊन आत झिरपत राहतो. हे आवरण तुम्ही लक्षात ठेवा, कारण पुढे सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरणार आहे.

शेजाराचा प्रश्न कुठून सुरू झाला? दीर्घिका अवकाशात सारख्या विखुरलेल्या नाहीत. बऱ्याचशा लहान गटांत राहतात. आपली आकाशगंगा आणि शेजारची देवयानी दीर्घिका अशाच एका गटात आहेत. काही ठिकाणी हजाराच्या वर दीर्घिका एकत्र असतात, त्यांना गुच्छ म्हणू. कन्या राशीतला गुच्छ आपल्याला जवळचा, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर. अरुंधती केश या तारकासमूहातला गुच्छ सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षांवर. याच दुसऱ्या गुच्छातल्या दीर्घिकांचे वेग मोजून फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये न दिसणाऱ्या द्रव्याचा मुद्दा मांडला होता, पण तो विषय आज बाजूला ठेवतो.

१९८० मध्ये ॲलन ड्रेसलर यांनी ५५ दाट गुच्छांतल्या सुमारे सहा हजार दीर्घिका एकेक करून पाहिल्या, त्यांचे प्रकार नोंदवले आणि प्रत्येकीच्या आसपास किती दाटी आहे ते मोजलं. निकाल इतका स्वच्छ होता की तो आजही खगोलशास्त्राच्या सुरुवातीच्या वर्गात शिकवला जातो. विरळ प्रदेशात ऐंशी टक्क्यांच्या आसपास दीर्घिका सर्पिल, म्हणजे निळ्या, तारे घडवणाऱ्या. गुच्छाच्या दाट गाभ्यात सर्पिल दीर्घिकांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास. बाकी सगळ्या लंबवर्तुळाकार किंवा भिंगाच्या आकाराच्या, लाल, जन्म थांबलेल्या. दाटी वाढत जाते तशी सर्पिल दीर्घिकांची संख्या पायरी-पायरीने उतरत जाते.

त्याच्या दोनच वर्षं आधी हार्वी बुचर आणि ऑगस्टस ओमलर यांनी दूरचे गुच्छ पाहिले होते. दूर पाहणं म्हणजे भूतकाळ पाहणं. चार-पाच अब्ज वर्षांपूर्वीच्या त्या गुच्छांत निळ्या दीर्घिका आजच्यापेक्षा कितीतरी जास्त होत्या. म्हणजे गुच्छात आलेल्या दीर्घिका जन्मतःच लाल नव्हत्या, तिथे काहीतरी घडलं. काय घडलं, हा शोध गेली पन्नास वर्षं चालू आहे.

पहिलं उत्तर तर त्याच्याही आधी तयार होतं. गुच्छातल्या दीर्घिकांमधली जागा रिकामी नसते. तिथे वायू भरलेला असतो, आणि तो आपल्या कल्पनेपलीकडे तापलेला असतो. अरुंधती केशातल्या गुच्छात तर सुमारे दहा कोटी अंशांपर्यंत. तो क्ष-किरणांत चमकतो. एकत्र केला तर त्याचं वजन त्या गुच्छातल्या सगळ्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त भरतं. पण तो अतिशय विरळ असतो. एका घनमीटरमध्ये हजाराच्या आसपास कण. आपण बसलो आहोत त्या सभागृहातल्या हवेत घनमीटरमागे रेणूंची संख्या लिहायची तर दोनावर पंचवीस शून्यं द्यावी लागतील. इतका विरळ वायू कोणाचं काय बिघडवणार, असं वाटतं.

१९७२ मध्ये जेम्स गन आणि रिचर्ड गॉट यांनी गणित मांडलं. धावत्या दीर्घिकेवर पडणारा दाब हा या वायूच्या घनतेवर अवलंबून आहेच, पण तो वेगाच्या वर्गानेही वाढतो. गुच्छात कोसळणारी दीर्घिका सेकंदाला हजार, दीड हजार किलोमीटर वेगाने धावत असते. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. एवढ्या वेगात तो विरळ वायूसुद्धा दीर्घिकेच्या तबकडीतला वायू मागे ढकलू शकतो. दीर्घिकेचं गुरुत्वाकर्षण तो वायू धरून ठेवायला बघतं. कडेला ही पकड सैल असते म्हणून तिथला वायू आधी जातो; मध्यभागी पकड घट्ट असते म्हणून तिथला टिकतो. ताऱ्यांना मात्र काहीच होत नाही. ते इतके घट्ट आणि एकमेकांपासून इतके दूर आहेत की वायू त्यांच्या मधून निघून जातो.

ही गोष्ट डोळ्यांनी पाहायची असेल तर कन्या गुच्छातली एनजीसी ४५२२ ही दीर्घिका पाहा. तिची ताऱ्यांची तबकडी शाबूत आहे, कुठे खरचटलेलंही नाही. हायड्रोजन मात्र फक्त मध्यभागी उरला आहे, आणि त्याचा बराचसा भाग एका बाजूला उडून तबकडीच्या बाहेर लटकतो आहे. दुसऱ्या दीर्घिकेच्या ओढीने हे झालं असतं तर तारेही वाकडे झाले असते. तारे जागच्या जागी आणि वायू विस्कटलेला, यावरून कारण ओळखता येतं. मला हा पुरावा फार आवडतो. एकाच चित्रात दोष कोणाचा आणि कोणाचा नाही, दोन्ही कळतं.

काही दीर्घिकांत हा प्रकार इतका जोरात चालतो की मागे वायूच्या लांबच लांब शेपट्या पसरतात. खगोलशास्त्रज्ञ त्यांना जेलीफिश दीर्घिका म्हणतात. ईएसओ १३७-००१ या दीर्घिकेची क्ष-किरणांत दिसणारी शेपटी दोन लाख प्रकाशवर्षांहून लांब आहे. आपल्या आकाशगंगेच्या तबकडीच्या दुप्पट. आश्चर्य हे, की त्या उपटलेल्या वायूतसुद्धा, दीर्घिकेच्या बाहेर, जागोजागी नवे तारे जन्मत आहेत.

इथे आपल्या देशाचं काम सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने ॲस्ट्रोसॅट हा उपग्रह नेला. त्याच्यावर अतिनील प्रकाशात पाहणारी दुर्बीण आहे, यूव्हीआयटी. निळे तरुण तारे शोधायला अतिनील हीच योग्य खिडकी, आणि पृथ्वीचं वातावरण ती आपल्यासाठी बंद ठेवतं. अबेल ८५ नावाच्या गुच्छात जेओ२०१ ही जेलीफिश दीर्घिका सेकंदाला तीन हजार किलोमीटरहून अधिक वेगाने कोसळते आहे. इटलीच्या बिआंका पोजिआंती यांच्या नेतृत्वाखाली चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने अशा दीर्घिकांची पाहणी झाली, आणि त्याच प्रकल्पातल्या जेओ२०१ कडे बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी यूव्हीआयटी वळवली. शेपटीत तरुण ताऱ्यांचे पुंजके एकेक करून दिसले. चिलीच्या दुर्बिणीने वायूचा वेग आणि घडण सांगितली, आपल्या दुर्बिणीने तिथे तारे किती झपाट्याने घडताहेत ते सांगितलं.

या दीर्घिकांत एक विरोधाभास आहे, आणि तो नीट समजून घ्यायला हवा. दाबाने वायू जातो हे खरं, पण जाण्याआधी तो दाबला जातो, दाटतो, आणि काही काळ तारे नेहमीपेक्षा जास्त वेगाने घडतात. वायूचा काही भाग केंद्राकडेही ढकलला जातो. पोजिआंती यांच्या गटाने २०१७ मध्ये ठळक शेपट्यांच्या सात जेलीफिश दीर्घिका तपासल्या, त्यातल्या सहांमध्ये केंद्रातलं महाकाय कृष्णविवर जागं होतं, वायू गिळत होतं. म्हणजे विझण्याआधी एकदा मोठा भडका, आणि मग तुलनेने लवकरच अंधार.

हे सगळं नाट्यमय आहे, चित्रं सुंदर आहेत, म्हणून वर्तमानपत्रांत याचीच बातमी होते. पण माझं मत असं, की बहुतेक दीर्घिकांचा शेवट असा होत नाही. त्यांच्या बाबतीत काहीतरी शांतपणे घडतं.

१९८० मध्ये रिचर्ड लार्सन, बियाट्रिस टिन्सली आणि नेल्सन कॉल्डवेल यांनी एक साधा विचार मांडला. तबकडीतला वायू उपटायची गरजच नाही. मघाशी मी दीर्घिकेभोवतीचं विरळ आवरण लक्षात ठेवायला सांगितलं. ते आवरण सैल असतं. गुच्छात किंवा मोठ्या गटात शिरताना ते सहज निघून जातं. तबकडीला हात न लावता तिचा पुरवठा तुटतो. (टिन्सली दुसऱ्याच वर्षी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने गेल्या. दीर्घिका काळानुसार बदलतात, त्यांचा रंग आणि तेज बदलतं, हे आज आपण गृहीत धरतो. ते गृहीत धरायला त्यांनी शिकवलं. त्यांचं नाव विद्यार्थ्यांना माहीत असायला हवं.)

काटोल, नरखेड, वरूडकडची मंडळी इथे असतील तर त्यांना हे मी सांगायची गरज नाही. संत्र्याची बाग दोन तऱ्हांनी जाते. एका रात्रीत वादळ येतं आणि झाडं उन्मळून पडतात. किंवा विहिरीचं पाणी खाली खाली जातं, बोअर कोरडी पडते. झाड त्या दिवशी वाळत नाही. मातीत ओल आहे तोवर ते हिरवंच असतं, फळही धरतं, आणि मग हळूहळू शेंड्याकडून सुकत येतं. दीर्घिकेचंही तसंच. पुरवठा तुटल्यावर ती हाताशी असलेल्या वायूवर काही अब्ज वर्षं तारे घडवत राहते.

प्रश्न असा, की मेलेली दीर्घिका पाहून ती वादळाने गेली की तहानेने, हे कसं ओळखायचं? २०१५ मध्ये यिंगजी पेंग, रॉबर्टो मायोलिनो आणि रेचेल कोक्रेन यांनी याची एक अप्रतिम युक्ती दाखवली. तारे आपल्या पोटात जड मूलद्रव्यं तयार करतात: कार्बन, ऑक्सिजन, लोह. मरताना ती वायूत सोडतात. पुढच्या पिढीचे तारे त्या वायूतून बनतात, म्हणून त्यांच्यात ही मूलद्रव्यं जास्त असतात. बाहेरून सतत ताजा हायड्रोजन येत असेल तर मिश्रण पातळ होत राहतं. आता दोन शक्यता बघा. वायू एकदम काढून घेतला, तर ताऱ्यांचा जन्म त्या क्षणी थांबला. मेलेल्या दीर्घिकेतल्या ताऱ्यांत जड मूलद्रव्यं तितकीच असणार जितकी जिवंत दीर्घिकेत. पण फक्त ताजा पुरवठा बंद झाला असेल, तर उरलेल्या वायूत तारे घडत राहतील, त्याला पातळ करणारं काही येणार नाही, आणि शेवटच्या पिढ्यांच्या ताऱ्यांत जड मूलद्रव्यं साचत जातील.

त्यांनी आपल्या जवळपासच्या सुमारे २६ हजार दीर्घिकांचे वर्णपट तपासले. मेलेल्या दीर्घिकांतल्या ताऱ्यांत जड मूलद्रव्यं स्पष्टपणे जास्त निघाली. अगदी थोराड दीर्घिका सोडल्या तर बहुतेक दीर्घिकांचा पुरवठा तुटला होता आणि पुढे साधारण चार अब्ज वर्षं घेत त्या विझल्या होत्या. इतक्या दूरच्या, इतक्या जुन्या घटनेचं कारण ताऱ्यांच्या प्रकाशात असं लिहून ठेवलेलं सापडावं, याचा मला प्रत्येक वेळी नव्याने आनंद होतो.

शेजारी दीर्घिका थेट एकमेकींवर येतात तेव्हा काय होतं, हे थोडक्यात सांगतो. १९७२ मध्येच ॲलार आणि युरी टूमरे या भावांनी त्या काळच्या संगणकावर दाखवून दिलं, की काही दीर्घिकांच्या विचित्र लांब शेपट्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने ओढल्या जातात. अशा भेटीत वायू केंद्राकडे घसरतो, दाटतो आणि ताऱ्यांचा जन्म उसळतो. सप्तर्षींच्या दिशेला, सव्वा कोटी प्रकाशवर्षांच्या आत-बाहेर, एम८२ ही दीर्घिका आहे. शेजारच्या एम८१ च्या ओढीने ती सध्या आपल्या आकाशगंगेच्या कित्येक पट वेगाने तारे घडवते आहे.

पण टक्कर झाली म्हणजे तारे घडलेच, असं समजू नका. स्टीफनचं पंचक हा पाच दीर्घिकांचा गट एदुआर स्टीफन यांना १८७७ मध्ये सापडला. २०२२ च्या जुलैमध्ये जेम्स वेब दुर्बिणीची पहिली चित्रं आली, त्यात तो होता; तुम्ही पाहिला असेल. पाचांपैकी एक आपल्या बरीच जवळ आहे, ती केवळ त्याच दिशेला दिसते. उरलेल्या चारांच्या गटात एक दीर्घिका सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने घुसते आहे. त्या धक्क्याच्या पट्ट्यात रेणूरूप हायड्रोजन भरपूर आहे. तरीही त्या मानाने तारे फारच कमी घडत आहेत. वायू इतका घुसळला जातो आहे की त्याला शांत होऊन कोसळायला सवडच मिळत नाही. वायू असणं पुरेसं नाही, त्याला थंडावा आणि स्वस्थताही लागते.

आणि हे सगळं दूरच्या गुच्छांतच घडतं असंही नाही. आपल्या आकाशगंगेभोवती अनेक बुटक्या दीर्घिका फिरतात. त्यातल्या ज्या आपल्यापासून साधारण दहा लाख प्रकाशवर्षांच्या आत आहेत, त्यांच्यात हायड्रोजन जवळपास सापडतच नाही. अपवाद दोन मॅगेलनी मेघांचा. ते दक्षिणेला इतके खाली आहेत की नागपूरहून जवळजवळ दिसतच नाहीत. ते मोठे आहेत, बहुधा आपल्याकडे नव्यानेच आले आहेत, आणि त्यांचाही वायू ओढला जाऊन आकाशभर लांबच लांब पट्टा पसरला आहे. याउलट सिंह राशीतली लिओ टी ही चिमुकली दीर्घिका तेरा-चौदा लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि तिने आपला वायू राखला आहे. कारण आपल्या आकाशगंगेलाही लाखो अंश तापमानाचं विरळ आवरण आहे, आणि त्यातून जाणाऱ्या बुटक्या दीर्घिकांचा वायू ते ओरबाडतं. आपण कोणाच्या शेजारी राहतो हे आपण विचारतो; आपण स्वतः कोणाचे शेजारी आहोत, तेही विचारलं पाहिजे.

दाटीचं दुसरं टोक म्हणजे पोकळ्या. भूतप तारकासमूहाच्या दिशेला, स्वाती ज्यात आहे तिकडे, १९८१ मध्ये एक पोकळी सापडली. तिचा व्यास तीस कोटी प्रकाशवर्षांहून अधिक आहे आणि तिच्यात जेमतेम साठेक दीर्घिका माहीत आहेत. पोकळ्यांतल्या दीर्घिका सरासरीने लहान, निळ्या आणि वायूने भरलेल्या. त्यांनी आपले तारे संथपणे घडवले, असं अलीकडच्या पाहणीत दिसलं आहे.

आता एक गोष्ट, जिच्यामुळे हा विषय मला फक्त ऱ्हासाचा वाटत नाही. आज गुच्छांच्या गाभ्यातल्या दीर्घिका विझलेल्या आहेत. पण त्यांचे तारे फार जुने आहेत, म्हणजे ते फार पूर्वी, फार झपाट्याने घडले. एसपीटी२३४९-५६ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशाचा प्रकाश विश्व केवळ १.४ अब्ज वर्षांचं होतं तेव्हा निघालेला आहे. तिथे सुमारे चार लाख प्रकाशवर्षांच्या जागेत किमान चौदा दीर्घिका दाटल्या आहेत आणि एकत्रितपणे वर्षाला हजारो सूर्यांइतके तारे घडवत आहेत. हा भविष्यातल्या एका गुच्छाचा गाभा आहे. तेव्हा दाट प्रदेश म्हणजे मुबलक वायू. द्रव्य जिथे जास्त, तिथेच वायूचे प्रवाह वाहत येत होते. पुढे गुच्छ वजनदार झाला, त्यातला वायू तापला, आणि ज्या दाटीने तारे घडवले तीच दाटी त्यांच्या आड आली. शेजार चांगला की वाईट, हे काळ विचारल्याशिवाय सांगता येत नाही.

पुरवठ्याची ही बाब सगळ्या विश्वालाच लागू आहे, आणि ती मोजली गेली आपल्या महाराष्ट्रात. विश्वात तारे सर्वाधिक वेगाने घडत होते तो काळ सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वीचा. आज तो वेग त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास उरला आहे. तो का उतरला? नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी आहेत, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या. त्या मिळून झालेली दुर्बीण म्हणजे जीएमआरटी. आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर आणि जयराम चेंगालूर यांनी तिच्या साहाय्याने आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या ७,६५३ दीर्घिकांतला हायड्रोजन शोधला. एकेका दीर्घिकेचा संदेश इतका क्षीण की तो वेगळा ओळखताच येत नाही. म्हणून सगळ्यांचे एकत्र करून सरासरी काढली. २०२० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. त्या दीर्घिकांकडे वायू भरपूर होता, पण ज्या वेगाने त्या तारे घडवत होत्या त्या वेगाने तो एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. बाहेरून येणारा वायू तेवढा वेग भागवू शकला नाही आणि जन्मदर उतरला. मघाशी आपण आकाशगंगेचा जो हिशेब केला, तोच हा, विश्वाच्या पातळीवर.

दीर्घिकेचं भवितव्य तिच्या वस्तुमानाने ठरतं की परिसराने, हा वाद तुम्हाला वाचनात भेटेल. दोन्ही कारणं खरी आहेत. फार वजनदार दीर्घिकांत केंद्रातलं कृष्णविवर आजूबाजूचा वायू तापवत ठेवतं आणि त्या कुठेही असल्या तरी विझतात. २०१० मध्ये पेंग, सायमन लिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दोन परिणाम आकडेवारीत वेगळे करून दाखवले. मला मात्र वाटतं, की दोघांचं काम शेवटी एकाच जागी होतं: थंड वायू आत येण्याच्या वाटेवर. कृष्णविवर ती वाट आतून अडवतं, शेजार बाहेरून.

(व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीने विचारलं, की मग आपल्या आकाशगंगेचं काय होणार?)

आपला गट लहान आहे, गुच्छाइतका गरम वायू इथे नाही, ही जमेची बाजू. देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि आपल्याकडे येते आहे. चार-पाच अब्ज वर्षांत टक्कर नक्की, असं अगदी परवापर्यंत सांगितलं जात होतं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मॅगेलनी मेघाची आणि इतर शेजाऱ्यांची ओढ धरून गणित पुन्हा केलं, तेव्हा पुढच्या दहा अब्ज वर्षांत विलीन होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास निघाली. झाली टक्कर, तर वायू दाटेल, काही काळ तारे उसळून जन्मतील आणि साठा लवकर संपेल. नाही झाली, तर आपण संथपणे खर्च करत राहू. दोन्ही बाबतीत बाहेरून किती येतं, यावर सगळं अवलंबून.

तुमच्यापैकी ज्यांना यात काम करायचं आहे, त्यांनी दुर्बीण मिळण्याची वाट पाहू नका. स्लोन या मोठ्या आकाश-पाहणीतले लाखो दीर्घिकांचे वर्णपट कोणालाही विनामूल्य मिळतात. त्याच पाहणीतून पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांमधल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये चार अब्ज प्रकाशवर्षांवरचा सरस्वती हा महागुच्छ, म्हणजे गुच्छांचा समूह, शोधला. तो आधीपासून सर्वांसमोरच्या माहितीत होता.

आणि ज्यांना डोळ्यांनी पाहायचं आहे त्यांच्यासाठी नागपूरची जागा उत्तम आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं काळोख्या आकाशाचं उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली; सिल्लारीच्या आसपासच्या गावांतले दिवे त्यासाठी बदलले गेले. एप्रिलमध्ये, अमावास्येच्या सुमारास, रात्री दहानंतर तिकडे जा. सहा-आठ इंची दुर्बीण पुरेल. उत्तरा फाल्गुनीचा तारा आणि कन्या राशीतला विंडेमिएट्रिक्स हा तारा, या दोघांच्या मधोमध दुर्बीण लावा. कन्या गुच्छातल्या एम८४ आणि एम८६ या दीर्घिका, दोन धूसर ठिपके म्हणून, एकाच दृश्यात येतील. त्यातली एम८६ इतर बहुतेक दीर्घिकांसारखी आपल्यापासून दूर जाण्याऐवजी सेकंदाला दोनशेहून अधिक किलोमीटर वेगाने आपल्या दिशेने येते आहे, कारण ती गुच्छाच्या पलीकडच्या बाजूने आत कोसळते आहे, आणि तिच्या मागे क्ष-किरणांत दिसणारी उपटलेल्या वायूची शेपटी आहे. तिथून थोडं पूर्वेला सरका, एनजीसी ४४३८ ही दीर्घिका सापडेल. तिच्यापासून एम८६ पर्यंत वायूचे धागे गेलेले आहेत, त्या दोघी एकमेकींवर आदळून गेल्याची ती खूण.